मेलेल्यांची शाळा

९ ऑक्टोबर १८६१ च्या सकाळी बार्सिलोना शहरातल्या किल्ल्यापुढच्या मैदानावर गर्दी जमली होती. गुन्हेगारांना देहान्ताची शिक्षा देण्याची ही जागा. त्या दिवशी मात्र तिथे माणूस नव्हता, पुस्तकं होती. पॅरिसहून आलेली तीनशे पुस्तकं आणि मासिकाचे अंक. बार्सिलोनात राहणारे फ्रेंच पुस्तकविक्रेते मोरिस लाशात्र यांनी ती रीतसर मागवली होती आणि त्यांची जकातही भरली होती. बिशप अंतोनियो पालाऊ यांनी ती जप्त केली. निदान परत फ्रान्सला तरी पाठवू द्या, अशी विनंती झाली, तीही फेटाळली गेली. ही पुस्तकं कॅथलिक श्रद्धेच्या विरुद्ध आहेत, तेव्हा ती दुसऱ्या देशातल्या लोकांची मनं बिघडवतील, हेही आपण होऊ देणार नाही, असं कारण देण्यात आलं. एका हातात क्रूस आणि दुसऱ्या हातात मशाल घेतलेल्या धर्मगुरूने ढिगाला आग लावली, तेव्हा गर्दीतून धर्मन्यायालयाचा धिक्कार करणाऱ्या आरोळ्या उठल्या. स्पेनमधलं ते न्यायालय १८३४ मध्येच बंद झालं होतं. लोकांना वाटलं, ते परत आलं.

त्या पुस्तकांत असं काय होतं? टेबलं आपोआप हलतात, मेलेली माणसं ठकठक करून उत्तरं देतात, एवढंच असतं तर बिशपने मशाल पेटवली नसती. असले खेळ तेव्हा युरोपच्या प्रत्येक मोठ्या शहरात, सुखवस्तू घरांतल्या दिवाणखान्यांत चालत होते. चर्चला बोचलं ते वेगळंच. या पुस्तकांत लिहिलं होतं की कायमचा नरक नाही. सैतान नावाचा कोणी अनादि शत्रू नाही. ज्यांना आपण भुतं-पिशाच्चं म्हणतो ते मागे राहिलेले आत्मे आहेत, आणि त्यांतला एकही कायमचा मागे राहणार नाही.

ही शिकवण मांडणारा माणूस ना संत होता ना साक्षात्कारी. तो शाळामास्तर होता.

इपोलित लेओं देनिझार रिवाय यांचा जन्म ३ ऑक्टोबर १८०४ रोजी ल्यों शहरात झाला. शिक्षणासाठी ते स्वित्झर्लंडमधल्या इव्हर्दों गावी पेस्तालोत्सी यांच्या संस्थेत गेले. मूल मठ्ठ नसतं, त्याच्यातली शक्ती अजून उमललेली नसते. त्याला मारून नव्हे तर पायरीपायरीने, त्याच्या चालीने पुढे न्यायचं असतं, हा पेस्तालोत्सींचा विचार तेव्हा सगळ्या युरोपात गाजत होता. रिवाय तो घेऊन पॅरिसला आले. त्यांनी अंकगणिताची आणि व्याकरणाची पाठ्यपुस्तकं लिहिली, वर्ग घेतले. १८३२ मध्ये आमेली बुदे या शिक्षिकेशी लग्न केलं. त्या त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठ्या होत्या आणि पुढच्या सगळ्या खटाटोपात त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. पन्नाशीपर्यंतचं हे आयुष्य कोणाच्या लक्षात राहावं असं नव्हतं, पण ते विसरून चालणार नाही. पुढे या माणसाने परलोकाचं जे चित्र उभं केलं, त्याच्या रेघारेघेत इव्हर्दोंची ती शाळा आहे, असं माझं मत आहे.

टेबलांचं वेड आलं अमेरिकेतून. न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल या खेड्यात १८४८ च्या मार्चअखेर फॉक्स कुटुंबातल्या दोन लहान मुलींनी, भिंतीतून येणाऱ्या ठकठकीशी आपण बोलतो, असं सांगितलं आणि बघता बघता देशभर माध्यमं उगवली. १८५३ पर्यंत ही लाट पॅरिस-लंडनला पोचली. त्याच वर्षी फ्रान्समधून हद्दपार होऊन जर्सी बेटावर राहणारा व्हिक्टर ह्यूगो दहा वर्षांपूर्वी बुडून गेलेल्या आपल्या लेकीची वाट पाहत टेबलाशी बसू लागला. लंडनमध्ये मायकेल फॅरेडेने साधं उपकरण करून दाखवून दिलं की टेबलाआधी माणसांचे हात सरकतात. बसणाऱ्यांच्या नकळत त्यांचेच स्नायू टेबल ढकलतात. आपल्याकडे मागच्या शतकात कितीतरी घरांत वाटीवर बोटं ठेवून जे प्लँचेट चाललं, त्यालाही फॅरेडेचं हे उत्तर लागू पडतं.

रिवाय यांनी १८५४ मध्ये या टेबलांबद्दल प्रथम ऐकलं आणि ते हसण्यावारी नेलं. टेबलाला मेंदू नाही, तेव्हा ते बोलतं हे मला दाखवा, मग बघू, असा त्यांचा पवित्रा होता. १८५५ च्या मे महिन्यात ते पहिल्यांदा अशा बैठकीला गेले. पुढे बोदँ कुटुंबाच्या घरी त्यांचं नियमित जाणं सुरू झालं. तिथे घरातल्या दोन मुली टोपलीला पेन्सिल बांधून तिच्यावर हात ठेवत आणि टोपली कागदावर लिहीत जाई. बाकीचे लोक गंमत म्हणून यायचे, हरवलेल्या वस्तू आणि ठरायची लग्नं यांच्याबद्दल विचारायचे. रिवाय वहीत प्रश्न लिहून नेऊ लागले, तेही क्रमाने: देव म्हणजे काय, आत्मा कुठून येतो, दुःख का आहे. काही मित्रांनी आपल्याकडच्या बैठकींच्या पन्नासएक वह्याही त्यांच्या हवाली केल्या. मास्तरांनी त्या तपासल्या, पुनरुक्ती काढली, एकाच प्रश्नाला वेगवेगळ्या माध्यमांकडून आलेली उत्तरं ताडून पाहिली आणि विषयवार लावली.

उत्तरं एकमेकांशी जुळत नव्हती. एक आत्मा गंभीर बोले, दुसरा वाह्यात, तिसरा स्वतःला मोठा तत्त्वज्ञ म्हणवून चुकीचं शुद्धलेखन करी. चर्च म्हणे हा सैतान, शास्त्रज्ञ म्हणत ही लबाडी किंवा भ्रम. रिवाय यांनी तिसरीच वाट काढली, आणि त्यांचं सगळं तत्त्वज्ञान तिथून फुटलं. ते म्हणाले, मेल्याने कोणी शहाणा होत नाही. जिवंतपणी जो थापाड्या होता तो देह टाकल्यावरही थापाड्याच राहतो. अडाणी अडाणी राहतो, दयाळू दयाळू राहतो. तेव्हा मेलेला बोलला म्हणून ते खरं मानू नका. बोलण्यावरून त्याची पायरी ओळखा.

१८ एप्रिल १८५७ रोजी पॅरिसमध्ये त्यांचं 'आत्म्यांचं पुस्तक' बाहेर आलं. पाठ्यपुस्तकांवरच्या नावाशी गल्लत नको म्हणून त्यांनी नवं नाव घेतलं: अलां कार्देक. मागच्या एका जन्मात आपण या नावाने केल्ट लोकांत वावरलो होतो, असं त्यांना एका आत्म्याने सांगितलं होतं. पहिल्या आवृत्तीत ५०१ प्रश्न होते; १८६० च्या दुसऱ्या आवृत्तीत ते हजाराच्या वर गेले. पुस्तकाची घडण प्रश्नोत्तरांची, म्हणजे थेट वर्गातली.

त्यातली मांडणी अशी. देव सगळे आत्मे सारखेच निर्माण करतो: साधे आणि अजाण, चांगले नव्हेत की वाईट नव्हेत. पुढचं सगळं ज्याने त्याने मिळवायचं. कोणी देवदूत म्हणून जन्माला येत नाही आणि कोणी राक्षस म्हणून नाही. आज जो शुद्ध आहे तोही कधीतरी पहिल्या पायरीवर होता. कार्देक यांनी आत्म्यांच्या तीन श्रेणी आणि दहा वर्ग पाडले. खाली अपूर्ण आत्मे. त्यांत द्वेषाने पेटलेले आहेत, टवाळखोर आहेत, थोडं कळतं आणि सगळं कळल्याचा आव आणतात असे आहेत, आणि ना भलं करण्याइतके चांगले ना वाईट करण्याइतके दुष्ट, असेही आहेत. मधे चांगले आत्मे: कोणाजवळ नुसती माया, कोणाजवळ ज्ञान, कोणाजवळ दोन्ही. सर्वांत वर शुद्ध आत्मे. त्यांना पुन्हा देह घ्यावा लागत नाही. एका जन्मात एवढं चढणं शक्य नाही म्हणून पुनर्जन्म. दोन जन्मांमधला काळ भटकण्याचा, मागचं तपासण्याचा आणि पुढची परीक्षा निवडण्याचा. जगं अनेक आहेत, आणि आपली पृथ्वी त्यांत बरीच खालची, प्रायश्चित्ताची आणि कसोटीची जागा आहे.

आणि यातला कळीचा नियम हा: आत्मा एका जागी रेंगाळू शकतो, घसरू शकत नाही. मिळवलेलं जात नाही.

मराठी वाचकाला यातलं अर्धं ओळखीचं वाटेल, पण फरक नीट पाहायला हवा. आपल्याकडे चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा आहे आणि वाईट कर्माने माणूस किड्यामुंगीच्या जन्माला जाऊ शकतो. कार्देक हे ठामपणे नाकारतात. माणसाचा आत्मा पशूच्या देहात परत जात नाही. आपल्याकडे फेऱ्यातून सुटणं हे ध्येय, काही मतांप्रमाणे ब्रह्मात विरून जाणं. कार्देक यांचा शुद्ध आत्मा कशातही विरत नाही. तो वेगळाच राहतो आणि खालच्यांना वर आणण्याचं काम करतो. ज्याचं शिकणं संपलं त्याने शिकवायला लागायचं, हे मास्तरांचं स्वर्गसुख आहे.

तत्त्व कागदावर सुंदर दिसतं. ते खऱ्या माणसाला, त्यातही नावडत्या माणसाला लावायची वेळ आली की त्याचा कस लागतो. ३ जानेवारी १८५७ रोजी पॅरिसच्या सेंत-एतियेन-द्यु-माँ चर्चमध्ये व्हेर्जे नावाच्या पदच्युत धर्मगुरूने आर्चबिशप सिबूर यांना भोसकून मारलं. महिना संपायच्या आत त्याचा शिरच्छेद झाला. 'स्वर्ग आणि नरक' या कार्देक यांच्या १८६५ च्या पुस्तकात हा व्हेर्जे आहे, तोही पश्चात्ताप झालेल्या गुन्हेगारांच्या प्रकरणात. त्याला बोलावून प्रश्न विचारले गेले, आणि जन्माचा शाप देण्याऐवजी त्याच्यापुढे वाट ठेवली गेली. तीन गोष्टी लागतात, असं हे पुस्तक सांगतं: पश्चात्ताप, प्रायश्चित्त आणि भरपाई. नुसतं रडून भागत नाही, नुसतं भोगूनही भागत नाही. ज्याचं वाईट केलं त्याचं भलं करावं लागतं, या जन्मी नाही तर पुढच्या. शिक्षेची मुदत कोणी ठरवून देत नाही. सुधारणा झाली की ती संपते.

बार्सिलोनाचे बिशप पालाऊ १८६२ च्या उन्हाळ्यात वारले. काही आठवड्यांतच कार्देक यांच्या मासिकात त्यांच्या आत्म्याचा म्हणून संदेश छापून आला. ज्याने पुस्तकं जाळली तोच आता नव्या विचारांना दार बंद करू नका असं सांगत होता आणि आपल्यासाठी प्रार्थना करा म्हणत होता. कार्देक यांनी अनुयायांना बजावलं की या माणसाबद्दल मनात किल्मिष ठेवायचं नाही. तो संदेश बिशपचा होता असं मी मानत नाही. शत्रू आपल्या बाजूला आल्याचं असं प्रशस्तिपत्र मिळवणं फार सोपं असतं. पण सूड उगवायची आयती संधी असताना, त्याला नरकात तळताना दाखवणं सहज शक्य असताना, या लोकांना तो शिकत असलेला दिसला, ही गोष्ट मला साधी वाटत नाही.

या शिकवणीचा गाभा कार्देक यांनी एका घोषवाक्यात बांधला. चर्च म्हणे, आमच्याबाहेर तारण नाही. हे म्हणाले, परोपकाराबाहेर तारण नाही. ल्योंच्या कामगार वस्त्यांत, विणकरांच्या घरांत ही शिकवण झपाट्याने पसरली. कार्देक १८६० पासून तिथे मुद्दाम जात राहिले. स्त्री आणि पुरुष यांना सारखे हक्क हवेत, कारण आत्म्याला लिंग नाही. गुलामगिरी देवाच्या कायद्याविरुद्ध आहे. ही विधानं त्यांच्या पहिल्याच मोठ्या ग्रंथात आहेत.

मग दुःख भोगणाऱ्याचं काय? दुःख ही मागल्या जन्माची परतफेड असेल, तर ते हलकं करणारे आपण कोण? पुनर्जन्म मानणाऱ्या प्रत्येक समाजाला हा प्रश्न डाचतो आणि आपल्या समाजाने त्याचं निर्दय उत्तर शतकानुशतकं दिलं आहे: ज्याचं त्याचं प्रारब्ध. १८६४ च्या ग्रंथात कार्देक यांनी हाच प्रश्न सरळ मांडला आणि उत्तर दिलं की नाही, हात आखडता घेण्याचा अधिकार तुम्हाला नाही. त्याची शिक्षा कुठे संपायची हे तुम्हाला ठाऊक नाही. कदाचित ती संपवण्यासाठीच तुम्हाला तिथे पाठवलं असेल. सबंध स्पिरिटिझममधलं, म्हणजे कार्देक यांच्या या शिकवणीतलं, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं.

कार्देक ३१ मार्च १८६९ रोजी अचानक गेले. पाठोपाठ प्रशियाशी युद्ध, पॅरिसचा वेढा, कम्यून आणि तिची कत्तल. घरोघर मेलेले होते. या शोकावर ब्युगे नावाच्या छायाचित्रकाराने धंदा थाटला: तुमच्या फोटोत तुमच्या मागे तुमचं गेलेलं माणूस. कार्देक यांचं मासिक चालवणारे लेमारी यांनी हे फोटो आनंदाने छापले. १८७५ मध्ये पोलिसांनी धाड घातली, तेव्हा बाहुल्या आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेली मुंडकी सापडली. एकाच काचेवर दोनदा चित्र घ्यायची युक्ती ब्युगेने कोर्टात कबूल केली. तरीही साक्षीदार एकामागून एक उभे राहून सांगत होते की नाही, तो माझाच मुलगा होता, ती माझीच बायको होती. ब्युगे आणि लेमारी या दोघांनाही एक वर्षाची कैद झाली. कार्देक यांच्या वृद्ध पत्नीलाही त्या कोर्टात साक्षीला उभं राहावं लागलं. त्यांच्याकडेही पतीचा असाच एक फोटो होता. १८८८ मध्ये न्यूयॉर्कच्या भर सभागृहात फॉक्स बहिणींपैकी मार्गारेटने पायाच्या अंगठ्याची हाडं वाजवून ठकठक कशी करायची ते दाखवलं. वर्षभराने तिने ती कबुली मागे घेतली, पण व्हायचं ते नुकसान झालं होतं.

कार्देक यांची पद्धतही इथे लंगडी पडते हे सांगायला हवं. उत्तर बरोबर आलं तर आत्मा वरचा आणि चुकलं तर खालचा, असं म्हटल्यावर कोणत्याही चुकीने सिद्धांत हलत नाही. आणि बरोबर कोणतं हे ठरवणार तपासणारा मास्तरच.

फ्रान्समध्ये ओहोटी लागली, तोवर बीज समुद्रापार गेलं होतं. (मुंबईतही ते येऊ शकलं असतं. १८७९ च्या फेब्रुवारीत मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट मुंबईत उतरले ते याच प्रेतसंवादाच्या जगातून. पण तोवर ब्लाव्हाट्स्कींनी कार्देकपंथाकडे पाठ फिरवली होती. इथे रुजली ती थिऑसफी.) ब्राझीलमध्ये बाहिया प्रांतातल्या साल्व्हादोर शहरात लुईस ओलिंपियो तेलेस द मेनेझिस यांनी १८६५ मध्ये पहिलं मंडळ काढलं. १८८४ मध्ये रिओत देशव्यापी महासंघ उभा राहिला. त्याला आकार दिला डॉ. बेझेरा द मेनेझिस यांनी. ते डॉक्टर होते, राजकारणी होते, आणि १८६९ मध्येच गुलामगिरी संपवण्यासाठी पुस्तिका लिहून मोकळे झाले होते. १८८६ मध्ये त्यांनी जाहीर सभेत आपण स्पिरिटिस्ट असल्याचं सांगितलं. गरिबांचा डॉक्टर ही त्यांची ओळख त्यांच्यानंतरही टिकली. १८९० च्या नव्या दंडसंहितेने जादूटोण्याच्या शेजारी स्पिरिटिझमलाही गुन्हा ठरवलं. त्याला उत्तर म्हणून मंडळांनी आपल्या धर्मादाय कामाकडे बोट दाखवलं: फुकट औषध, फुकट जेवण, फुकट शाळा. जिथे सरकार पोचत नव्हतं तिथे हे लोक पोचले, आणि पंथ टिकला तो त्यामुळे.

इथेच आत्म्यांच्या त्या शिडीचा दोषही उघडा पडला. सगळे आत्मे समान निर्माण झाले म्हणणारे कार्देक १८६२ च्या एका लेखात काळ्या वंशाच्या देहांना मागासलेल्या आत्म्यांसाठीचे देह मानतात. त्यांच्या काळच्या युरोपचा वर्णगंड त्यांनी परलोकात नेऊन ठेवला. हा डाग पुसट करू नये. ब्राझीलमधल्या प्रकाशकांनी अशा मजकुराखाली खुलाशाच्या टिपा जोडल्या आहेत. ब्राझीलमधल्याच उंबांडा पंथाची परंपरा सांगते की १९०८ च्या नोव्हेंबरात, रिओजवळच्या नितेरॉयमध्ये, एका स्पिरिटिस्ट बैठकीत मूलनिवासी आणि आफ्रिकी गुलामांचे आत्मे आले, तेव्हा मागासलेले म्हणून त्यांना टेबलावरून उठायला सांगितलं गेलं. त्यावर झेलिओ द मोराइस या तरुणाच्या तोंडून एक मूलनिवासी आत्मा बोलला: इथे जागा नसेल तर उद्यापासून यांच्यासाठी वेगळं घर उघडतो. उंबांडाची सुरुवात ती. ज्यांना खालच्या पायरीवर बसवलं, त्यांनीच तिथे आपली शाळा काढली.

कार्देकपंथाचा विसाव्या शतकातला सर्वांत मोठा माणूस त्यानंतर सुमारे दीड वर्षाने, २ एप्रिल १९१० रोजी, मिनास जेराइस प्रांतातल्या पेद्रू लिओपोल्दो गावी जन्मला. शिको शाव्हिएर. पाचव्या वर्षी आई गेली. शिक्षण प्राथमिक शाळेपुरतं. १९३२ मध्ये दिवंगत पोर्तुगीज आणि ब्राझिली कवींच्या नावांनी शिकोंच्या हातून उतरलेल्या कवितांचं पुस्तक निघालं आणि साहित्यिकांत खळबळ उडाली. १९४४ मध्ये उंबेर्तो द काम्पोस या दिवंगत लेखकाच्या नावाने शिकोंच्या हातून उतरलेल्या लेखनावरून त्याची पत्नी कोर्टात गेली: हे लेखन माझ्या पतीचं असेल तर मानधन आमचं, नसेल तर त्यांचं नाव काढा. मेलेल्या माणसाला नवे हक्क मिळत नाहीत, असं सांगून कोर्टाने दावा फेटाळला. २०१० च्या जनगणनेत ब्राझीलमधल्या सुमारे ३८ लाख लोकांनी आपला धर्म स्पिरिटिस्ट असा नोंदवला. त्यातल्या पुष्कळांना कार्देक कळले ते शिकोंमुळे. ते ३० जून २००२ रोजी उबेराबा येथे वारले. त्यांच्या नावावर चारशेहून अधिक पुस्तकं आहेत आणि त्यांचे लेखनहक्क त्यांनी धर्मादाय संस्थांना देऊन टाकले. स्वतः ते शेतकी खात्यातल्या कारकुनाच्या पगारावर आणि नंतर पेन्शनवर जगले.